सबमरीनर : सात महिन्यांच्या वापरानंतर

सबमरीनर हे वेगवेगळे कुबरनेटीस क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचे गट) सुरक्षित बोगद्याने एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअर आहे. सहा महिने त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे काही घडलेच नाही. सातव्या महिन्यात मात्र कार्यालयातील क्लस्टरमधल्या पोस्टग्रेस डेटाबेसची भाड्याच्या क्लस्टरमधील प्रतिकृती अचानक मागे पडू लागली, आणि त्या रात्रभर ‘सबसीटीएल शो कनेक्शन्स’ ही सबमरीनरची जोडणी तपासणारी आज्ञा ‘कनेक्टेड’ हेच उत्तर देत राहिली. माझे सारे म्हणणे मुख्यतः त्या एका शब्दाविषयी आहे.

आमचे दोन्ही क्लस्टर के-थ्री-एस या हलक्या कुबरनेटीसचे असून दोन्हीकडे पॉडसाठी (कंटेनरच्या गटांसाठी) १०.४२.०.०/१६ हीच मूळ पत्तामाला राहिली होती, त्यामुळे सारख्या पत्त्यांचे क्लस्टरही जोडू देणारा ग्लोबलनेट हा भाग लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. आधी चाचणीसाठी मूळ कोड उतरवून ‘मेक डिप्लॉय’ चालवले. इमेज कंटेनरच्या आतच बांधल्या जातात आणि काइंड या साधनाचे, एकाच यंत्रावरचे चाचणी-क्लस्टरही आपोआप उभे राहतात, त्यामुळे यंत्रावर डॉकर आणि मेक असले की भागते. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपला ते पेलले नाही, कार्यालयातील जुन्या सर्व्हरवर मात्र सुरळीत झाले. प्रत्यक्ष जोडणीत यूडीपीची ४५०० आणि ४४९० ही पोर्ट उघडण्यापलीकडे विशेष खटपट करावी लागली नाही. पुरवठादाराच्या खासगी जोडणीचे मासिक भाडे वाचले, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

बिघाडाच्या रात्री मी सर्व दोष सबमरीनरवर ठेवला होता. लहान क्वेरींना उत्तर येई, पण मोठा निकाल मागितला की जोडणी तशीच लटकून राही. पाकिटाचे तुकडे करू नयेत अशी खूण लावून गेटवेपलीकडे (बोगदा ज्या नोडवरून निघतो त्यापलीकडे) पिंग पाठवले, तेव्हा १३०० बाइटला उत्तर आले आणि १४०० ला काहीच आले नाही. आमच्या पॉडचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४५० बाइट आहे आणि त्यावर आयपीसेक या कूटबद्धीकरणाचे आवरण चढले की पाकीट १५०० च्या पुढे जाते. तेवढे मोठे पाकीट वाटेत मावत नसेल, तर ‘लहान करून पाठवा’ असा आयसीएमपी निरोप मागे यायला हवा. नेमका तोच निरोप पुरवठादाराने जाळ्यात केलेल्या फेरबदलानंतर अडवला जात होता. तीन तक्रारी नोंदवल्या आणि तिन्ही वेळा ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ असे उत्तर आले. शेवटी गेटवे नोडवर ‘टीसीपी-क्लॅम्प-एमएसएस’ हे टीसीपी पाकिटातील डेटाच्या आकारावर मर्यादा घालणारे अ‍ॅनोटेशन १२०० ठेवून लावले, रूट एजंटचे (नोडवर वाहतुकीचे मार्ग लावणाऱ्या घटकाचे) पॉड पुन्हा सुरू केले, आणि प्रतिकृती पहाटेपर्यंत बरोबरीला आली.

म्हणजे दोष सबमरीनरचा नव्हता, आणि त्या रात्रीचे माझे मत मी मागे घेतले आहे. तरीही ‘कनेक्टेड’ या शब्दाबद्दलचा राग गेलेला नाही. गेटवेची प्रकृती लहान पिंगवरून ठरते आणि त्यावरूनच आरटीटीची (पाकीट जाऊन परत येण्याच्या वेळेची) सरासरी दाखवली जाते. बोगद्यातून पूर्ण आकाराचे पाकीट पार होते की नाही, हे त्यातून कळतच नाही. याच तपासणीत एखादे मोठे पिंग असते, तर माझी रात्र वाचली असती.

ब्रोकर, म्हणजे क्लस्टरांना एकमेकांची माहिती पुरवणारा मध्यस्थ, याच्याविषयी माझे मत उलट दिशेने बदलले. तो बंद पडला की सगळे थांबेल, या भीतीने मी त्याची फार काळजी घेत होतो. देखभालीसाठी तो काही तास बंद ठेवला, तरी आधीचे बोगदे चालूच राहिले, कारण त्याच्याकडे फक्त क्लस्टर, एंडपॉइंट (बोगद्याची टोके) आणि निर्यात केलेल्या सेवांची माहिती असते, प्रत्यक्ष डेटा त्याच्यातून जात नाही. काटकसर मला नडली ती गेटवेच्या बाबतीत. एका वेळी एकच गेटवे सक्रिय असतो, म्हणून राखीव नोडचे भाडे वाया जाते असे मी मानत होतो, आणि त्यामुळे रूट एजंटशी खटपट करण्याऐवजी गेटवेच बदलून पाहण्याची सोय त्या रात्री माझ्याकडे नव्हती. आता दुसऱ्या नोडला गेटवेची खूणचिठ्ठी लावली आहे. १२०० ची मर्यादा फक्त टीसीपीला लागू होते, त्यामुळे यूडीपीवरून जाणाऱ्या मोठ्या लॉग-नोंदी अजूनही मधेच हरवतात. त्या मी या आठवड्यात टीसीपीवर हलवत आहे.