हेवी मेटल टेस्ट किट: पाण्यासाठी ठीक, माशांसाठी बिनकामाचं

२ स्टार, आणि तेही फक्त पाण्याच्या स्ट्रिप्ससाठी. डब्यावर मोठ्ठं छापलंय ‘पाणी आणि मासे, दोन्ही घरच्या घरी तपासा’. मी मागवलं ते माशांसाठीच आणि नेमकं तिथेच हे किट झोपतं.

चांगलं आधी सांगतो. तांबं आणि लोखंडाचे रंग स्वच्छ येतात, कार्डाशी जुळवताना डोळे फाडून बघावं लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर घ्या.

आता पारा. स्ट्रिपचा सगळ्यात फिका रंगसुद्धा लिटरमागे काही मायक्रोग्रॅमचा आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या आसपास (जागतिक आरोग्य संघटनेची ६ मायक्रोग्रॅम आहे). तळ्यात नाहीतर समुद्रात पारा असतो तो बहुतेक वेळा नॅनोग्रॅममध्ये, हजारेक पट कमी, मग स्ट्रिप पांढरीच राहणार ना. आणि माहितीपत्रक म्हणतं पांढरी स्ट्रिप म्हणजे तिथले मासे सेफ!! अहो, माशात पारा मुख्यतः खाण्यातून येतो. गाळात, जिथे ऑक्सिजन नाही तिथे काही बॅक्टेरिया साध्या पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी करतात, ते तरंगत्या सूक्ष्म शेवाळाच्या पेशीत आत शिरतं आणि प्रमाणाची सगळ्यात मोठी उडी तिथेच पडते, पाण्याच्या हजारो-लाखो पट. साधा पारा बराचसा पेशीच्या आवरणालाच चिकटून राहतो, त्यामुळे शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवाच्या पोटातून तो विष्ठेवाटे निघून जातो, पण पेशीच्या आतलं मिथाइलमर्क्युरी पचतं आणि अंगात राहतं. मग त्या जीवांना छोटे मासे खाणार, त्यांना मोठे, आणि शरीरातून बाहेर पडायला ते इतका वेळ घेतं की प्रत्येक पायरीला काही पट वाढतच जातं. शेवटी पाण्यात लिटरमागे १ नॅनोग्रॅमही नसताना वरच्या शिकारी माशात किलोमागे अर्धा-एक मिलिग्रॅम निघू शकतं. लाखो पटींचा मामला आहे हा, आणि आपण स्ट्रिप बुडवतोय पाण्यात.

‘फिश टेस्ट’ तर कहरच. माशाचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कुस्करायचा, गाळायचं, स्ट्रिप बुडवायची. मिथाइलमर्क्युरी स्नायूंच्या प्रोटीनमधल्या सल्फरला घट्ट धरून बसलेलं असतं, नुसत्या पाण्यात कशाला उतरेल? (ते चरबीत नसतं, त्यामुळे ‘कातडी-चरबी काढली की झालं’ हेही पत्रकात वाचून हसू आलं.) लॅबमध्ये तुकडा अ‍ॅसिडमध्ये पूर्ण विरघळवतात किंवा तापवून निघालेली पाऱ्याची वाफ मोजतात, तेव्हा कुठे आकडा हाती येतो.

सोबतच्या अन्नसाखळीच्या रंगीत चार्टवर सगळ्या धातूंचे बाण एकसारखे वर वर जाड होत गेलेत. दिसायला भारी, पण चूक. शिसं तर साधारणपणे वरच्या पायरीवर कमी होत जातं, हाडात नि शिंपल्यात अडकतं. तांबं-जस्त शरीराला लागतंच, मासे त्याचं प्रमाण बरंचसं स्वतःच सांभाळतात. कॅडमियम शिंपले आणि खेकड्यांच्या यकृतासारख्या भागात साठतं, पण माशाच्या मांसात फारसं पोचत नाही, आणि भक्ष्याच्या अंगात धातू कुठल्या रूपात आहे यावरही पुष्कळ ठरतं, कडक कणांत बंद असेल तर तो खाणाऱ्याला पचतच नाही. सेलेनियम मात्र अन्नातून चांगलंच पुढे सरकतं, ते या चार्टवर नाहीच!

कस्टमर केअरला हे सगळं लिहिलं तर उत्तर आलं, ‘सर, स्ट्रिप पांढरी असेल तर काळजी करू नका’. बरं.

माशांचंच बघायचं असेल तर सरळ लॅबला सँपल द्या, मांसाचा तुकडा, सोबत माशाची जात आणि लांबी नक्की लिहा, कारण एकाच पाण्यात एकाच जातीच्या लहान आणि जुन्या मोठ्या माशात पाऱ्याचा फरक कितीतरी पट असू शकतो, आणि लांबी नसेल तर त्या रिपोर्टची तुलना कशाशीच करता येत नाही.