धार नव्हती वस्तऱ्याला, दोष देत राहिलो हाताला

माझे 5,530 रुपये गेले. पोलिसांत जावं इतकी ही रक्कम मोठी नाही, म्हणून चार महिने गप्प बसलो होतो. पण मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला आणि विचारलं, "दादा, हा वस्तरा घेऊ का?" पडद्यावर तेच लाकडी खोकं, तेच लाटालाटांचं पातं, तीच तुरटीची वडी. विकणाऱ्याचं नाव तेवढं वेगळं होतं. त्याला तिथल्या तिथे थांबवलं. तुमच्यापैकी कोणाचं बोट त्या बटणावर असेल, तर आधी हे वाचा.

वस्तऱ्याकडे मी हौसेपायी वळलो नाही. चार-पाच पात्यांच्या रेझरने माझ्या मानेवर कायम पुरळ असायचं. असले रेझर केस ओढून त्वचेच्या किंचित खाली कापतात, मग वाढताना तो केस आतच वळतो आणि फोड येतो. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, एका पात्याने करून बघा. तेव्हा आजोबा आठवले. रविवारी सकाळी ओट्यावर पाट टाकून बसायचे, न्हावीकाका धोकटी सोडायचे, आणि पट्ट्यावर वस्तरा फिरवल्याचा तो सट-सट आवाज घरात ऐकू यायचा. आजोबांच्या गालावर कधी फोड पाहिल्याचं मला आठवत नाही. ठरवलं, आपणही शिकायचं. खर्चाची मर्यादा तीन-साडेतीन हजार ठेवली.

जाहिरात नेमकी त्या मर्यादेत बसणारी होती. 'हाताने घडवलेला डमास्कस वस्तरा, जर्मन स्टील, सोलिंगन क्वालिटी, सोबत चामड्याचा पट्टा, बॅजरच्या केसांचा ब्रश, वाटी, तुरटी. 6,500चा संच 3,200 रुपयांत.' व्हिडिओत तो वस्तरा कागद सपासप कापत होता. पैसे आधी यूपीआयने, माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्या दुकानाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. हे मला त्या क्षणी दिसलं होतं, आणि तरीही मी पिन टाकला.

खोकं आलं तेव्हा खरंच देखणं वाटलं. पहिल्या रविवारी गरम पाण्याचा टॉवेल धरला, फेस केला, गाल ताणला आणि वस्तरा साधारण 30 अंशांत धरून खाली ओढला. पातं केसांवरून घसरत गेलं. दुसऱ्यांदा जरा दाबलं, तर केस उपटल्यासारखे ओढले गेले आणि जबड्याच्या कोपऱ्याला चिरलं. अर्ध्या तासाने अर्धा गाल झाला होता आणि उरलेल्या चेहऱ्यासाठी जुना रेझर काढावा लागला. मला वाटलं, माझाच हात कच्चा आहे.

ही फसवणूक टिकते ती इथेच. कुकर बिघडलेला निघाला तर आपण कुकरला नावं ठेवतो. पहिला वस्तरा हातात घेणाऱ्याने मात्र चांगली धार आयुष्यात कधी गालावर अनुभवलेली नसते. तुलना करायला काहीच नसतं. त्यात जो तो सांगतो की वस्तरा शिकायला महिने लागतात, आणि ते खरंही आहे. त्यामुळे खोटा माल विकणाऱ्याला काही लपवावं लागत नाही, आपणच त्याच्या वतीने स्वतःला समजावत राहतो. मी तीन आठवडे समजावत राहिलो.

मग त्यालाच मेसेज केला. उत्तर लगेच आलं, आणि फार गोड. "सर, वस्तरा कंपनीतून कधीच दाढीच्या धारेने येत नाही, ती नंतर लावावी लागते. तुम्ही 12,000 ग्रिटचा दगड घ्या." (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक.) पहिलं वाक्य बरंचसं खरं होतं. नामांकित कारखान्यांचे नवे वस्तरेसुद्धा बऱ्याचदा वापरण्याआधी दगडावर घ्यावे लागतात. त्या एका खऱ्या वाक्यावर विश्वास ठेवून मी दगडाचे 1,450 रुपये भरले. तो बिनखुणेचा हिरवट तुकडा होता. चार दिवस घासूनही फरक नाही, तेव्हा तो म्हणाला, वस्तरा परत पाठवा, आमचे कारागीर लावून देतील. 700 रुपये धार लावायचे, 180 कुरिअरचे. दोन आठवड्यांनी वस्तरा चकचकीत होऊन आला. गालावर पुन्हा तसाच घसरला.

मग तो घेऊन गेलो आमच्या गल्लीतल्या तात्यांकडे. तात्या सत्तरीच्या पुढचे. आता त्यांचा मुलगा दुकान बघतो आणि तिथेही इतर सगळीकडे असतं तसं अर्धं ब्लेड बसवलेलं साधन चालतं. एड्सची भीती पसरली तेव्हा तात्यांनी खरा वस्तरा गिऱ्हाइकांसाठी बंद केला, पण स्वतःची दाढी ते अजून त्यानेच करतात. त्यांनी माझा वस्तरा उघडला, डोळ्यासमोर धरून धारेकडून पाठीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. मग आरशाखालच्या काचेच्या फळीवर तो आडवा ठेवला, पाठ आणि धार दोन्ही काचेला टेकतील असा. एका टोकावर बोट ठेवलं. दुसरं टोक उचललं गेलं. बोट काढलं, पातं टक् करून परत खाली आलं.

"बघितलंस? पाठच वाकडी आहे."

मला कळेना की पाठीचा आणि धारेचा काय संबंध. तात्यांनी स्वतःचा वस्तरा काढून शेजारी ठेवला. तो काचेला चिकटल्यासारखा बसला. म्हणाले, सुरीला धार लावताना कोन आपण हाताने धरतो, वस्तऱ्याला तसं नसतं. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवूनच तो ओढायचा असतो, कोन पाठीच्या जाडीने ठरतो. पाठ पिळलेली असली की धारेचा अर्धा भाग दगडाला लागणारच नाही. "मग तू बारा हजार काय, पंचवीस हजारचा दगड आण. जिथे दगड पोचतच नाही तिथे धार येणार कुठून?"

जो भाग लागत होता तो त्यांनी त्यांच्या दगडावर थोडा घेतला आणि माझं बोट धारेच्या बाजूला, काटकोनात हळूच टेकवलं. बारीक खरखरीत काठ लागत होता, एका बाजूला वळलेला. पुन्हा दुसऱ्या बाजूने घेतलं, काठ इकडे वळला. "हा असा इकडून तिकडे लोळतोच आहे, तुटून धार राहत नाही. मऊ आहे रे बाबा. पाणी नीट दिलेलं नाही." म्हणजे तापवून-विझवून पोलाद नीट कडक केलेलं नाही. वस्तऱ्याचं पोलाद रॉकवेल मापावर साधारण 60च्या आसपास कडक असावं लागतं, तरच इतकी पातळ धार उभी राहते. मऊ स्टेनलेसला वस्तऱ्याचा आकार दिला तर तो दिसतो वस्तरा, बाकी पत्रा.

लाटांची नक्षी मीच उघडी पाडली, घरी येऊन. खऱ्या डमास्कसमध्ये वेगवेगळ्या पोलादांचे थर एकमेकांत ठोकून जोडलेले असतात, म्हणजे नक्षी धातूच्या आत शिरलेली असते आणि पाठीच्या काठावरही ती वळून आलेली दिसते. माझ्या वस्तऱ्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. शेपटीजवळ बारीक पॉलिश पेपर दहा-बारा वेळा फिरवला. लाटा पुसून गेल्या, खाली साधा पांढरा धातू. खरी नक्षीही घासल्यावर फिकी होते, पण फेरिक क्लोराइड लावलं की पुन्हा उमटते. ते रसायन सर्किट बोर्डवाल्या दुकानात मिळतं. मी लावून पाहिलं. त्या जागी एकसारखा करडा डाग पडला, लाट एकही आली नाही.

मग संचातलं बाकीचंही तपासायला घेतलं. पट्ट्याची कडा ब्लेडने कापली तर आत कापडाचा थर निघाला आणि वर रेक्झिनचा मुलामा. पातं फिरवल्यावर त्यावर काळे कण का येत होते ते तेव्हा कळलं. खरं चामडं असतं तर कापलेल्या कडेला तंतू दिसले असते आणि पाण्याचा थेंब हळूहळू आत जिरला असता. बॅजरच्या ब्रशचा फेस पहिल्या दोन वेळा राखाडी आला होता, मी तो साबणाचा रंग समजलो. दोन केस काडीवर धरले, तर वितळून गोळी झाली. केस असता तर जळका वास आला असता. संचात खरी निघाली ती एकटी तुरटी.

शब्दांचा खेळ मला फार उशिरा कळला, म्हणून तो नीट सांगतो. सोलिंगन हे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं शहर, आणि त्या नावाला तिथे 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. घडवण्याची मुख्य कामं त्या भागात झाली असतील तरच पात्यावर ते नाव घालता येतं. म्हणून माझ्या पात्यावर 'सोलिंगन' कोरलेलं नव्हतंच, नुसतं 'जर्मन स्टील' होतं. 'सोलिंगन क्वालिटी' फक्त जाहिरातीत. कागद कापायचा व्हिडिओही तसाच. कागद भाजीच्या सुरीनेही कापला जातो. विकणाऱ्याकडे मागायचाच असेल तर लोंबत्या केसाचा व्हिडिओ मागा: एक मोकळा केस दोन बोटांत धरून धारेवर अलगद सोडला की तो तुटला पाहिजे, धारेच्या तिन्ही भागांवर, म्हणजे टोकाला, मध्ये आणि मुठीच्या बाजूला. आणि सपाट काचेवर ठेवलेला फोटो मागा. खरा विक्रेता या मागणीने चिडत नाही. दगड विकतानाही असाच खेळ झाला होता. 12,000 ही अगदी शेवटची पायरी. धारेचा कोन मुळात बसवायचा तो 1,000च्या आसपास, मग 4,000, 8,000 असं वर जायचं. पाया नसताना मला कळस विकला होता, आणि तो दगड तरी सपाट कुठे होता? त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासल्या, तर मधल्या रेघा तशाच राहिल्या, म्हणजे दगड मध्ये खोलगट.

तक्रारीचं सांगायचं तर, मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पहिला प्रश्न बिलाचा होता, आणि माझ्याकडे बिल नव्हतं. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही. खरं तर ऑनलाइन विकताना मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. तेवढ्यात त्या माणसाने मला ब्लॉक केलं आणि चार दिवसांत पान गायब झालं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, पण तक्रार करायची तर समोरच्याचं नाव-गाव हातात हवं. म्हणून पैसे भरण्याआधीच त्याच्याकडे बिल देणार का आणि पत्ता कुठला हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तरांचे स्क्रीनशॉट ठेवा. मी हे विचारलं असतं तर व्यवहार तिथेच संपला असता.

शेवटी दाढी मी वस्तऱ्यानेच करायला लागलो, आणि एकूण 1,840 रुपयांत. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी तात्यांच्या मुलाला सोबत नेलं. सहा-सात वस्तरे पाहिले. गंज पाठीवर असेल तर चालतो, धारेजवळ खड्डे असतील तर सोडून द्यायचा, कारण दगडावर झिजवत गेलं की धार त्या खड्ड्यातच पोचते. नखावर टेकवून हलकेच फिरवला तर बारीक तडाही कळतो. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात बनलेला, शिंगाच्या मुठीचा, पाच-अष्टमांश इंच रुंदीचा, गोल टोकाचा एक मिळाला, 450 रुपयांना. नवख्याला हीच रुंदी आणि हेच टोक बरं. चौकोनी टोक कानाच्या पाळीजवळ लागतं. पात्यावर 'इंग्लंड' असं कोरलेलं आहे. 1890च्या अमेरिकी आयात कायद्यानंतर देशाचं नाव घालायची पद्धत सर्रास रूढ झाली, म्हणून तो बहुधा त्यानंतरचा. दगडाऐवजी लॅपिंग फिल्मचे, म्हणजे धार लावायला वापरायचे अगदी बारीक घासणीचे, कागद 600चे आणि काचेचा जाड तुकडा 80चा. पट्टा कोल्हापूरच्या मावसभावाने चपला करणाऱ्या कारागिराकडून कापून आणला, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा, तीन इंच रुंद, 400 रुपये. ब्रश साधा सिंथेटिक, 280 रुपयांचा, आणि विकणाऱ्याने तो सिंथेटिक म्हणूनच विकला. तुरटी वाण्याकडून, 30 रुपये.

पहिली धार तात्यांनी लावली. पट्ट्यावर फिरवायला शिकवताना माझं मनगट धरून म्हणाले, "धार मागे राहू दे, पाठ पुढे. आणि उलटवायचा तो पाठीवर, धारेवर नाही." त्या दिवशी गालावर पातं ठेवलं तेव्हा दाबावं लागलंच नाही. फेसाखालून केस तुटल्याचा बारीक करकर आवाज येत होता. आजोबांच्या ओट्यावर तो ऐकला होता, पण इतकी वर्षं विसरलो होतो.

तो जुना 'जर्मन' वस्तरा मी तात्यांच्या दुकानात ठेवून आलो. काचेच्या फळीच्या कोपऱ्यात पडलेला असतो. वस्तरा घ्यायचा म्हणून कोणी विचारायला आलं की तात्या तो काचेवर आडवा ठेवतात आणि एका टोकावर बोट ठेवायला सांगतात.