‘पासिंगसकट चेसिस’ देणाऱ्यापासून सावध

घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधायचा म्हटलं की वरचा डबा जमून जातो. प्लाय, पत्रा, झोपायची फळी, मागे उघडणारं स्वयंपाकघर हे सगळं सुतारकामाची आवड असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी करू शकतो. चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा), ॲक्सल (चाकांचा आस) आणि हिच (गाडीला जोडायचा सांधा) मात्र बाहेरून करून घ्यावं लागतं, आणि नेमकी तिथेच काही मंडळी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेली असतात. मला ज्याने टोपी घातली त्याची शेड पुण्याजवळच्या एका औद्योगिक पट्ट्यात आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र तपशिलात लिहितो.

सौदा असा होता. बोलेरोमागे ओढता येईल, कच्च्या रस्त्याला टिकेल अशी चेसिस. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, जाडी ३ मिलिमीटर. एक टन पेलणारा नवा ॲक्सल, कमानपाटे, ५० मिलिमीटरचा बॉल कपलर, सेफ्टी चेन, मागचे दिवे. चाकं बोलेरोचीच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर दोघांना एकच स्टेपनी चालावी. वर आरटीओ पासिंग करून देणार. सगळे मिळून १,४५,००० रुपये. “साहेब, पासिंगचं टेन्शन तुम्ही घेऊच नका, ते माझ्याकडे लागलं,” हे वाक्य त्याने इतक्या सहज टाकलं की रोजचंच काम असावं असं वाटलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “कशाला अठरा टक्के घालवता?” आणि एस्टिमेटच्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. पैसे यूपीआयने, त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर.

चेसिस बघायला गेलो तेव्हा जाडी मोजायचा व्हर्नियर त्यानेच माझ्या हातात दिला. ड्रॉबारचं, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याचं, टोक उघडं होतं. “लावा साहेब, खात्री करून घ्या.” लावला. बरोबर ३ मिलिमीटर. बाकीची सगळी टोकं चौकोनी पट्टी वेल्ड करून बंद केलेली होती, पावसाचं पाणी आत जाऊन गंजू नये म्हणून. कारण पटण्यासारखंच होतं, कारण चांगले फॅब्रिकेटरही टोकं बंद करतातच.

पुढे टेकूचे पाय बसवायला मागच्या आडव्या पाइपला भोक पाडलं तर ड्रिलचा बिट लोण्यात शिरावा तसा आरपार गेला. वाकवलेली तार आत घालून मोजलं. भिंत जेमतेम १.६ मिलिमीटर. मग एकेक करत सगळे पाइप तपासले. जाड पाइप फक्त ड्रॉबारच्या टोकाला, वीतभर तुकड्यापुरता. तो पातळ पाइपला जोडून सांधा ग्राइंडरने सपाट केला होता आणि वर रंगाचा जाड हात दिला होता. ३ मिलिमीटरचा हा पाइप मीटरला सव्वाचार-साडेचार किलो भरतो, १.६ चा अडीच किलोच्या आतच. म्हणजे वीस फुटांच्या एका नगामागे अकरा-बारा किलो लोखंड त्याच्या खिशात. रंग लावायच्या आधी सांगाडा वजनकाट्यावर नेला असता तर हे तिथेच कळतं. पाइपची लांबी मोजून गुणाकार करायचा, एवढंच. बनवणारा काट्यावर न्यायला का-कू करत असेल तर तेच उत्तर समजा.

ॲक्सलची गोष्ट याहून वाईट, कारण पातळ पाइप हळूहळू वाकतो, चाक एकदम निसटतं. ताम्हिणी घाट उतरून निजामपूरच्या पुढे आलो तेव्हा आरशात ट्रेलरचं डावं चाक लंगडताना दिसलं. थांबून हात लावला तर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चटका बसेल इतका तापलेला, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं. माणगावच्या एका गॅरेजमध्ये म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. “हा ॲक्सल नवा म्हणून दिला का तुम्हाला, दादा?” चाकाच्या मागे ॲल्युमिनियमची ॲडाप्टर प्लेट होती. प्लेटच्या बाहेरच्या अंगाला बोलेरोच्या चाकासाठी पाच स्टड (चाक बसवायचे बोल्ट), आतल्या अंगाला हबचे चारच. त्यांनी ड्रमवर स्क्रूड्रायव्हर ओढला. काळा रंग निघाला, खाली निळा, त्याखाली गंज. भंगारातल्या जुन्या छोट्या मोटारीचा मागचा ॲक्सल होता तो. अशी अख्खी गाडीच साडेसहाशे-सातशे किलोची असते आणि मागच्या चाकांवर तिचा थोडाच भाग येतो. माझा ट्रेलर पाण्याची टाकी, गॅस आणि सामान धरून एकटाच तेवढा, आणि सगळा भार त्या दोन चाकांवर. त्यात प्लेटमुळे चाक बाहेर सरकलेलं, म्हणून बेअरिंगवर जास्तच ताण. चाक उतरवून आतले स्टड बघायला जॅक आणि पाना पुरतो. नवा ॲक्सल असेल तर त्याचं पक्कं बिल असतं आणि त्यावर क्षमता लिहिलेली असते.

आता पासिंग. लोकांना सगळ्यात जास्त याचंच आमिष दाखवतात, म्हणून जरा सविस्तर. मोटार वाहन कायद्याच्या नजरेत ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणीही स्वतंत्र लागते. त्यासाठी उत्पादकाचा फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा दाखला) लागतो, आणि मॉडेलला चाचणी संस्थेची मंजुरी लागते. अशा संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन तर पुण्यातच आहेत. शेडमध्ये एकच नग बनवणाऱ्याकडे ही मंजुरी कुठून येणार? माझ्या माणसाने मला आरसीची लॅमिनेट केलेली झेरॉक्स आणि नंबरप्लेट आणून दिली. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर वाहनाचा प्रकार निघाला ट्रेलर (शेती). नोंदणी दुसऱ्याच जिल्ह्यातली, मालक कुणी भलताच. कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीचा नंबर माझ्या ट्रेलरला लावून मोकळा झाला होता. चेसिसवर ठोकलेला नंबरही त्या आरसीशी जुळत नव्हता. असा ट्रेलर रस्त्यावर कुणाला लागला तर विमा कंपनी हात झटकणार आणि खोट्या नंबरप्लेटचा गुन्हा ओढणाऱ्याच्या अंगावर येणार. तेव्हा पासिंगची भाषा करणाऱ्याला आधी एकच विचारा: मंजुरीचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं आहे? झेरॉक्स घ्या आणि ॲडव्हान्स देण्यापूर्वी आरटीओत जाऊन दाखवा.

प्लायमध्येही हात मारला गेला, पण ते प्रकरण लवकर मिटलं. शीटवर आयएस ७१० चा शिक्का, भाव मरीनचा. मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा. मी तुकडा पातेल्यात उकळायला ठेवला, तर संध्याकाळपर्यंत त्याचे पापड सुटले. (बायकोने ते पातेलं अजून स्वयंपाकघरात घेतलेलं नाही.) दुकानाचं जीएसटी बिल हातात होतं, म्हणून दुकानदाराने कुरकुर करत का होईना, माल बदलून दिला.

चेसिसवाल्याचं उत्तर वेगळं होतं. “तुम्ही दगडधोंड्यांतून घातली गाडी, मी काय करू?” नंतर फोन उचलणंच बंद. पोलीस चौकीत सांगितलं की हा दिवाणी मामला आहे. नंबरप्लेटचा कागद पुढे केल्यावर मात्र त्यांनी लेखी अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार कशी करायची ते मराठीत सांगतात. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः पाठवलेली ‘३ एमएम, न्यू ॲक्सल’ ही यादी, वजनकाट्याची पावती आणि चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल एवढं जोडलं. पाइप कापलेल्या जागेचे फोटो व्हर्नियरसकट काढलेत. कुणी अशा भानगडीत असाल तर दुरुस्ती करण्याआधी हे फोटो काढा. एकदा नवा पाइप लागला की पुरावा गेला.

नोटीस मिळाल्यावर त्याने चाळीस हजार परत देऊन तक्रार मागे घ्यायला सांगितलं. मी घेतलेली नाही. मध्यंतरी त्याच्याकडून चेसिस घेतलेले आणखी दोघं भेटले. एकाच्या ट्रेलरवर तर माझ्या ट्रेलरला लावलेला त्याच उसाच्या ट्रॉलीचा नंबर आहे. एकाच तऱ्हेने फसलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि वकिलांनी तसा अर्ज तयार केला आहे. ज्यांनी त्या पट्ट्यातून ‘पासिंगसकट’ चेसिस घेतली असेल त्यांनी आजच आपला नंबर ॲपवर टाकून बघावा.