बेक्वेच्या बंदरात पाहुण्यांदेखत लागणारा चुना

शिडाची बोट कॅरिबियनमधल्या बेक्वे बेटाच्या बंदराच्या, म्हणजे ॲडमिरल्टी बेच्या, तोंडाशी पोचलेली असते. शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटाहून येताना लाटांनी काकूंच्या पोटात ढवळलंय आणि काका तिसऱ्यांदा विचारतायत, "अजून किती वेळ रे?" तेवढ्यात एक लाकडी होडी शेजारी येते. "गुड मूरिंग, स्किपर. एटी डॉलर." मूरिंग म्हणजे तळाशी वजन टाकून वर बोया तरंगत ठेवलेली, बोट बांधायची जागा. पाहुण्यांसमोर नांगराची खटपट कोण करणार? बोट चालवणारा यजमान हो म्हणतो, पैसे देतो. तासाभराने दुसरी होडी येते: हे मूरिंग माझं आहे, भाडं द्या. पहिला माणूस केव्हाच पसार झालेला असतो. घरच्यांदेखत हुज्जत नको म्हणून पुन्हा पैसे दिले जातात. हा सगळा धंदा त्या संकोचावरच चालतो.

मुळात 'एटी डॉलर' कुठले, हे कुणी विचारलेलंच नसतं. इथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, म्हणजे ईसी. १९७६ पासून १ अमेरिकन डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. म्हणजे ८० ईसी म्हणजे ३० अमेरिकन डॉलरसुद्धा नाहीत. काका कौतुकाने कमरेच्या पाकिटातून अमेरिकन हिरव्या नोटा काढतात, समोरचा गप्प राहतो आणि ५० डॉलर जास्त जातात. टॅक्सी, पाणी, धुणं, काहीही ठरवताना "ईसी का यूएस?" हा प्रश्न आधी विचारायचा. पैसे ईसीतच द्यायचे.

पैसे गेले तर गेले, पण खरा धोका पाण्याखाली असतो. इथली बरीचशी मूरिंग खाजगी आहेत. वरचा बोया नवा रंगवलेला असला तरी खाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून बांधल्याबरोबर मास्क लावून उतरायचं. बोयाखालचा दोर चोळून धागे सुटलेत का, शॅकलची, म्हणजे दोर-साखळी जोडणाऱ्या लोखंडी कडीची, खीळ तारेने बांधली आहे का, तळाशी काँक्रीटचा ठोकळा आहे की जुन्या इंजिनाचं धूड, हे डोळ्यांनी बघायचं. साखळीच्या कड्या मधे झिजून निम्म्या झाल्या असतील तर तिथून निघायचं, पैसे दिलेले असले तरी. टेकडीवरून येणारे वाऱ्याचे झोत रात्री अचानक वाढतात. दोर तुटला की बोट थेट मागच्या बोटींवर जाते. आणि भाडं घेणारा पहाटे तीनला येत नाही.

त्यापेक्षा आपला नांगर बरा. प्रिन्सेस मार्गारेट किनाऱ्यासमोर वाळूचा तळ चांगला धरतो. खोली ६ मीटर, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर, एकूण ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडायची. गवताचे काळे डाग टाळून फिकट वाळूत नांगर टाकायचा, साखळी ताणली गेली की इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये वाढवायचं आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघायचं. खुणा सरकल्या तर पुन्हा. पंधरा मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात काकूंना चहा होतो.

सेंट व्हिन्सेंटवरच्या वालिलाबूच्या खाडीत मात्र होडीवाला लागतोच, कारण तळ एकदम खोल जातो आणि बोटीचा मागचा दोर किनाऱ्याला बांधावा लागतो. रक्कम आधी ठरवायची आणि ती दोर बांधून झाल्यावर द्यायची. कचऱ्याची पिशवी कुणालाही पैसे देऊन सोपवू नये. ती बऱ्याचदा झुडपात जाते. बाकी पाव, बर्फ, मासळी आणून देणारे बहुतेक जण सरळ असतात, त्यांच्याशी उगाच घासाघीस करू नये.

टोबॅगो केज या जवळच्या छोट्या बेटांच्या पुंजक्यातलं जेवण हा दुसरा सापळा. तिथला लॉबस्टर म्हणजे आपल्या शेवंडीचाच भाऊबंद, नांग्या नसलेला. त्यामुळे कोकणातल्या पाहुण्यांचा जीव लगेच गुंततो. भाव माणशी की पौंडामागे, हे ठरवल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. पौंडामागे असेल तर जिवंत शेवंड समोर तोलून घ्यायची. शिजवल्यावर सांगितलेलं वजन मानू नये. शिवाय १ मे ते ३१ ऑगस्ट तिथे शेवंडीला बंदी असते, म्हणजे नेमकी आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी. त्या काळात कुणी "ताजी आहे" म्हणत असेल तर एक तर ती बेकायदा धरलेली असते, नाहीतर फ्रीझरमधली. तिथल्या सागरी उद्यानाची फी गणवेशातले रेंजर घेतात आणि पावती देतात. पावती नसेल तर पाकीट काकांच्या कमरेलाच राहू द्या.