गाठ तापवायची कशाने : चुंबकाने की लेसरने?

कर्करोगाच्या गाठीत नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) पोहोचवून ती आतून तापवण्याच्या दोन पद्धती माणसांवरील चाचण्यांपर्यंत आल्या आहेत. एकीत आयर्न ऑक्साइडचे कण बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापतात, तर दुसरीत सोन्याचा पातळ थर दिलेले सिलिकाचे कण लेसरने. अशा चाचणीत सहभागी व्हायचे की नाही हे ठरवताना, कोणते कण जास्त तापतात यापेक्षा गाठ कुठे आहे आणि उपचारानंतर तिच्यावर नजर कशी ठेवणार, हे आधी विचारावे, असे मला वाटते.

चुंबकीय क्षेत्र कवटीतूनही सहज आरपार जाते, म्हणून गाठ कितीही खोल असली तरी अडत नाही. मेंदूच्या गाठींसाठी या पद्धतीला युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. कणांचे द्रावण सुईने थेट गाठीत सोडतात आणि मग सेकंदाला सुमारे एक लाख आवर्तने होणाऱ्या क्षेत्रात रुग्णाला ठेवतात. पण हे क्षेत्र औषधातला धातू आणि दातातला धातू यांत भेद करत नाही, त्यामुळे दातांतील धातूचे फिलिंग आधी काढावे लागते आणि पेसमेकर असलेल्यांना हा उपचार देता येत नाही. त्याहून मोठी अडचण पुढची आहे : गाठीत राहिलेले लोहकण एमआरआयमध्ये काळा डाग उमटवतात आणि गाठ पुन्हा वाढते आहे का, हे नेमके तिथेच दिसेनासे होते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या रुग्णाला ही किंमत लहान नाही.

सोन्याचे कण शिरेतून देतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी लेसर वापरतात. लेसरचा निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश ऊतींमध्ये फार तर काही सेंटिमीटर शिरतो, म्हणून प्रोस्टेटमध्ये (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीत) प्रकाश नेणारे तंतू सुईवाटे आत न्यावे लागतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोस्टेटच्या चाचणीत 16 पुरुष होते आणि 15 जणांचे उपचार पूर्ण झाले. इथे एमआरआयची वाट बंद होत नाही, मात्र बरेचसे सोने यकृत आणि प्लीहेत साठते आणि शरीर जसे लोह वापरते तसे हे सोने वापरत नाही.

उद्देशही वेगळे आहेत. लेसर गाठीचा भाग जाळून नष्ट करतो. मेंदूत मात्र चुंबकीय उष्णता रेडिएशनच्या जोडीने दिली गेली. मेंदूच्या गाठी असलेल्या 59 रुग्णांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे लाभातला किती वाटा उष्णतेचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.