माद्रिदमध्ये आठ महिने बाहेर जेवून: आधी घड्याळ बघा, मग हॉटेल

आम्ही माद्रिदला आलो ऑगस्टच्या मध्यात, प्रोजेक्टवर, आणि पहिल्याच आठवड्यात माझं मत झालं की खाण्याच्या बाबतीत हे शहर बोगस आहे. घराजवळच्या चार हॉटेलांपैकी तीनच्या शटरवर 'सुट्टीनिमित्त बंद' असा कागद. गणपतीत लालबाग-परळ जसं कोकणात पळतं तसं इथे ऑगस्टात निम्मं शहर गावाला जातं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. जे उघडं होतं तिथे आम्ही पुण्याच्या सवयीने साडेबाराला जाऊन बसायचो आणि वेटर आमच्याकडे असा बघायचा की जणू पहाटे चारला दार वाजवलंय. दुपारचं जेवण इथे दोनला. चारनंतर किचन बंद, ते रात्री साडेआठशिवाय सुरू होत नाही. संध्याकाळी सातला जेवायला बसलेले दिसतात ते सगळे टुरिस्ट, आणि त्यांच्यासाठी फोटोवाला मेनू नि पॅकेटातून गरम केलेला पाएया (पसरट कढईतला भात) असतो. तोही खाल्ला आम्ही, एकदाच.

सप्टेंबरात कोपऱ्यावरचा बार उघडला आणि मग खरी सुरुवात झाली. बार म्हटलं तरी सकाळी कॉफी, दुपारी जेवण, रात्री बिअर असं सगळं चालतं तिथे. बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेला 'मेनू देल दिया', म्हणजे आपली राइस प्लेटच समजा. पहिली डिश, दुसरी डिश, पाव, एक ड्रिंक आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साडेचौदा युरो, आणि ड्रिंकमध्ये वाइन घ्या नाहीतर पाणी, रेट तोच. (मी ऑफिसच्या दिवशी पाणीच घेतो. बहुतेक वेळा.) ही पद्धत १९६० च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने टुरिस्टांसाठी ठरावीक दरात जेवण द्यायला लावलं तिथून आली म्हणतात, आता मात्र दोन वाजता फळ्यासमोर उभे असतात ते बँकवाले, प्लंबर आणि ऑफिसातले आमच्यासारखे.

वार पण लक्षात ठेवायचा. पाएया गुरुवारी. माद्रिदमध्ये हे इतकं पक्कं आहे की आमचे ऑफिसवाले गुरुवारी डबाच आणत नाहीत. आणि पाएया दुपारी खायची गोष्ट, रात्री मागवला की तुम्ही बाहेरचे हे लगेच कळतं. तळाला जी करपट कुरकुरीत खरवड धरते तिला 'सोकारात' म्हणतात आणि ती पहिली कोणाला मिळणार यावरून मोठी माणसं भांडतात, आमच्याकडे सावंतवाडीला आजी खरवड नातवंडांना वाटून द्यायची ते आठवलं.

थंडीत कोसिदो. चणे, कोबी, बटाटा, गाजर, मांसाचे तुकडे, चोरिसो (डुकराचं सॉसेज) सगळं एकत्र तासन्‌तास शिजवतात आणि वाढतात मात्र वेगवेगळं: आधी त्या रश्श्यात शेवया, मग चणे-भाज्या, मग मांस. ला बोला नावाचं १८७० पासूनचं हॉटेल आहे, तिथे प्रत्येकाचा वेगळा मातीचा मडकुला, कोळशावर शिजवलेला. खाऊन झाल्यावर ऑफिसला परत जायचा विचार करू नका, मी केला आणि मीटिंगमध्ये डुलक्या काढल्या. चोरिसोबद्दल एक: गोव्याच्या चोरीसची सवय असेल तर इथला फिका लागेल, त्यात व्हिनेगरचा आंबटपणा नाही, तिखटही बेताचं, पिमेंतोन म्हणजे धुरावलेल्या लाल मिरचीची पूड हीच त्याची खरी चव. कायोस मात्र डोळे झाकून घ्या, ती सरळ सरळ वजडी आहे.

बायको शाकाहारी, अंडं चालतं. तिचा रिव्ह्यू वेगळा यायला हवा. 'मांस नको' म्हटलं की इथे हॅमला मांसात धरत नाहीत, साध्या सॅलडमध्ये ट्यूना निघतो, मसुरीत चोरिसो. मग ती एका दमात म्हणायला शिकली, सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून (मांस, हॅम, मासा, ट्यूना काही नको), अगदी आरती म्हटल्यासारखं. एवढं केल्यावर बरंच मिळतं. पिस्तो म्हणजे टोमॅटो-सिमला मिरचीची भाजी, वर अंडं. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटोचं सूप, घट्ट आणि गार, फक्त वरचं हॅम काढायला सांगायचं. आणि तोर्तिया, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, ज्यात कांदा घालायचा की नाही यावरून इथे तेवढेच वाद आहेत जेवढे आपल्याकडे पोह्यात बटाटा घालण्यावरून. ती कांदेवाली. मी पण, पण ऑफिसात बोलत नाही.

आता नवीन हॉटेलं. ऑक्टोबर ते जानेवारी आम्ही दर पंधरवड्याला एक नवीन उघडलेलं हॉटेल करायचं ठरवलं होतं, रील्स बघून. सातपैकी एक परत जाण्यासारखं निघालं. एक तर चांबेरी भागातलं, नाव नाही घेत, तिथे टेबल बुक करायलाच कार्डचा नंबर मागितला, वेळ साडेआठची किंवा साडेदहाची, मधलं काही नाही. आम्ही चौघं, क्रोकेतास (तळलेली कटलेटं) आल्या पाच. पाचवी कोणी खायची यावर सगळेच एकमेकांना आग्रह करत बसलो, मराठी माणसं. ते पण चाललं असतं, पण सव्वादहाला वेटर येऊन म्हणाला टेबल द्यावं लागेल. ज्या गावात जेवल्यावर गप्पा मारत बसण्याला सोब्रेमेसा असं स्वतंत्र नाव आहे आणि तुम्ही मागितल्याशिवाय बिल कोणी आणत नाही, त्या गावात उठवलं! माणशी अठ्ठावन्न युरो. पैशापेक्षा ते उठवणं जास्त लागलं.

जुनी नावाजलेली पण झाली. बोतिन, १७२५ पासूनचं, गिनीजमध्ये जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल, भाजलेल्या डुकराच्या पिल्लाची कातडी पापडासारखी मोडते, एकदा जाच. पण मी पाहुण्यांना कासा लाब्राला नेतो, पुएर्ता देल सोल चौकाच्या बाजूला, १८६० चं. आत रांग, हातात एक बिअर, आणि पिठात तळलेला कॉड माशाचा तुकडा उभ्याउभ्या खायचा. समुद्र तीनशे किलोमीटरवर, म्हणून पूर्वी मासा खारवून यायचा, आपल्या खाऱ्या बांगड्यासारखा, पण हे लोक तो पाण्यात असा भिजवतात की खारटपणा जातो आणि मांस मऊ राहतं. १८७९ मध्ये इथेच लपूनछपून स्पेनचा समाजवादी पक्ष स्थापन झाला, मला त्यात नवल वाटत नाही, अशा जागी माणसं बोलायला लागतातच.

बारीकसारीक: नळाचं पाणी मागा, २०२२ च्या कायद्याने ते फुकट द्यावं लागतं. बाहेर गच्चीवर किंवा फुटपाथवर बसलात तर बिल जास्त येऊ शकतं. टिप सक्तीची नाही, आम्ही सुट्टे ठेवतो. रविवारी रात्री आणि सोमवारी फोन करूनच निघा.

कोपऱ्यावरच्या बारच्या मालकीणबाई साठीच्या आहेत, सगळ्यांनाच 'कारिन्यो', म्हणजे लाडक्या, म्हणतात, त्यामुळे त्यात आमचं कौतुक काही नाही. पण गेल्या गुरुवारी मीटिंग लांबली आणि मी साडेतीनला धापा टाकत पोचलो, फळ्यावरचा पाएया पुसलेला होता. त्यांनी काही न बोलता आतून बशी आणली. भात दोन चमचे, बाकी सगळी खरवड.