एकट्याने युरोप, तेही जुन्या गाडीतून : मर्सिडीज २४० डी, व्होल्वो २४० की सित्रोएन टूसीव्ही?

जर्मनीत नोकरीला असलेला, इथलं लायसन्स काढलेला आणि दोन नोकऱ्यांच्या मध्ये सहा-आठ आठवडे मोकळे मिळालेला माणूस डोळ्यापुढे ठेवून हे लिहितो आहे. पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन, गाडी विकत घेऊन, फिरून झाल्यावर विकून परत जायचा बेत असेल तर तो सोडलेला बरा. इथला नोंदणीकृत पत्ता नसताना गाडी नावावर करणं फार किचकट आहे, आणि जुन्या गाड्या भाड्याने देणारे किलोमीटर आणि देश या दोन्हींवर बहुधा मर्यादा घालतात.

जुन्या गाड्यांची यादी करायला बसलं तर संपत नाही. बीटल आहे, साब आहे, लाडा आहे. पण एकट्याने युरोपभर जायचं म्हटलं की तीन नावं फिरून फिरून समोर येतात. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी, व्होल्वो २४० ची इस्टेट (मागे लांब डिकी असलेली स्टेशन वॅगन) आणि सित्रोएन टूसीव्ही. पहिली मालिका १९८६ च्या सुरुवातीला बंद झाली, दुसरी १९७४ ते १९९३ निघाली, तिसरी १९४८ ते १९९०. मर्सिडीज आणि व्होल्वो प्रत्येकी २७-२८ लाखांच्या घरात बनल्या, टूसीव्ही ३८ लाखांहून जास्त. इतक्या बनल्या म्हणूनच आजही सुटे भाग मिळतात. तिन्ही गाड्यांची तिशी उलटलेली आहे, त्यामुळे गाडी मूळ रूपात आणि धड असेल तर जर्मनीत एच नंबरप्लेट, म्हणजे ऐतिहासिक गाडीची पाटी मिळते. वर्षाला १९१.७३ युरो ठोक कर, इंजिन कितीही मोठं असो.

माझा कौल आधीच सांगतो. पहिल्यांदा जात असाल तर व्होल्वो. मन मर्सिडीजकडे ओढ घेतं, तरीही व्होल्वोच. का ते पुढे येईल.

आधी चालवणाऱ्याचं बघा

दोघं असली की एक चालवतो, दुसरा नकाशा बघतो, डुलकी काढतो, टोलची पावती सांभाळतो. एकट्या माणसाने गाडी किती टिकेल हे विचारण्याआधी आपण किती टिकू हे विचारावं. लोक गंज तपासतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, आणि सलग पाच तास त्या सीटवर बसून कधी बघतच नाहीत.

टूसीव्ही इथे सपशेल मार खाते. ६०२ सीसी, २९ अश्वशक्ती. कागदावर कमाल वेग ताशी ११५ किलोमीटर, पण नव्वदच्या पुढे इंजिनाची घरघर आणि कापडी छपराची फडफड मिळून असा गलका होतो की संध्याकाळी गाडी बंद केल्यावरही तो कानात राहतो. ऑटोबानवर तुम्ही ट्रकच्या रांगेत. मालमो आणि कोपनहेगनमधल्या ओरेसुंद पुलावर बाजूचा वारा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. पण हीच गाडी फ्रान्सच्या आतल्या जिल्हा रस्त्यांवर, सत्तरच्या वेगात, छप्पर गुंडाळून चालवली तर बाकीच्या दोन्ही तिच्यापुढे कंटाळवाण्या वाटतात. खड्डा लागला की ती आदळत नाही, झुलते. काचेखालची पत्र्याची झडप उघडली की वारा थेट तोंडावर येतो, तोच तिचा एसी.

२४० डी अगदी उलट स्वभावाची. शंभरला शांत, सीट सोफ्यासारख्या, आणि नंतरच्या मॉडेलांत ७२ अश्वशक्ती, सुरुवातीच्या मॉडेलांत त्याहूनही कमी. शून्यावरून शंभरला जायला २० सेकंदांच्या वर लागतात. दोनपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचा विचार मनात आणू नये. दोन दिवसांत ही सवय अंगवळणी पडते आणि मग घाई करणाऱ्यांचीच कीव येते, हेही खरं.

व्होल्वोचं २.३ लिटरचं पेट्रोल इंजिन यातलं काहीच करत नाही. ती ११०-१२० ने मुकाट चालत राहते. सीट उत्तम, हीटर स्वीडनच्या थंडीसाठी केलेला, आणि वळायला लागणारं वर्तुळ ९.८ मीटरचं. इतक्या लांब गाडीला हे फार कमी आहे. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटात प्राटो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं आहेत, तिथे या आकड्याची किंमत कळते. १०० किलोमीटरला १०-११ लिटर पेट्रोल मात्र पिते. डिझेल मर्सिडीज आठ-नऊवर भागवते, टूसीव्ही सहाच्या आसपास.

अपघाताचा विषय टाळून चालणार नाही. टूसीव्हीत तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये फारसं काही नसतं. मर्सिडीज बरी. व्होल्वो त्या काळाच्या मानाने सगळ्यांत भक्कम. नॉर्वेत अंधाऱ्या रस्त्यावर रेनडिअर आडवा आला तर हा फरक तात्त्विक राहत नाही.

झोपणं

युरोपात खिसा रिकामा होतो तो हॉटेलांमुळे. व्होल्वो इस्टेटची मागची सीट पाडली की सपाट पृष्ठभाग मिळतो. पुढची सीट सरकवून कर्णात आडवं झालं तर साडेपाच-पावणेसहा फुटी माणूस पाय ताणून झोपतो. मर्सिडीजच्या सेदानमध्ये ते शक्य नाही. टी मॉडेल म्हणजे तिची इस्टेट घ्यावी लागते. ती महाग, शिवाय तिचं मागचं सस्पेन्शन हायड्रॉलिक, आपोआप उंची राखणारं. एक जास्तीची डोकेदुखी. टूसीव्हीच्या सीट उचलून बाहेर काढता येतात, पण मग त्या रात्रभर पावसात ठेवायच्या का?

जर्मनीत प्रवासाचा थकवा घालवायला गाडीत एक रात्र काढलेली चालते. स्वीडन-नॉर्वेतला निसर्गात मोकळं राहण्याचा हक्क पायी फिरणाऱ्याचा आहे, गाडी रानात घालण्याचा नव्हे, तेव्हा रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या जागाच बघाव्यात.

बंद पडणं

जुनी गाडी कुठेतरी थांबणारच. थांबली की काय करायचं, यातच तिघींचा खरा फरक आहे.

२४० डी मध्ये स्पार्क प्लग नाही, डिस्ट्रिब्युटर नाही, कॉइल नाही. एकदा सुरू झालं की त्या इंजिनाला विजेची जवळपास गरज उरत नाही. सकाळी चावी फिरवायची, ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणाऱ्या कांडीचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. खड खड खड करत, निळसर धूर सोडत ते जागं होतं. तो आवाज आपल्याकडच्या माणसाला ओळखीचा वाटला तर नवल नाही. हेच ओएम ६१६ इंजिन परवान्याखाली आकुर्डीत बनून बजाज टेम्पोच्या गाड्यांत बसलं. साताऱ्या-कोल्हापूरकडे वडापच्या ट्रॅक्समध्ये कोंबून प्रवास केलेल्यांनी ते पुष्कळ ऐकलं आहे.

विकत घेताना १९८० नंतरचं मॉडेल बघा. आधीच्या गाड्यांत ग्लो प्लग एकाच माळेत जोडलेले असतात, एक गेला की सगळे गेले. नंतरच्यांत प्रत्येक स्वतंत्र. दुसरी गंमत बंद करण्याची. या गाडीचं इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं, दारांची सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर. कुठल्यातरी दारातली रबरी नळी फाटली की चावी काढून हातात घेतली तरी इंजिन खडखडत उभं. घाबरायचं नाही. बॉनेट उघडायचं, इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेला छोटा दांडा आहे तो दाबून धरायचा. सोबत दोन डिझेल फिल्टर, रिटर्न लाइनची कापडी वेष्टनाची नळी मीटरभर आणि ग्लो प्लग एवढं असलं की निम्मी काळजी मिटली.

स्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४० डी ठेवली आहे. ४६ लाख किलोमीटर चाललेली. ती आधीच्या मालिकेतली आहे आणि तिची इंजिनं अनेकदा बदललेली आहेत, ही दुसरी माहिती विकणारे सांगत नाहीत.

व्होल्वोचं इंजिन मरत नाही, तिची वीज मरते. १९८० ते १९८७ च्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण वर्षांनी भुगा होऊन गळतं. वायरिंग बदललं आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. फ्युएल पंपाच्या रिलेचे सोल्डर तडकतात, आणि मग गाडी कोणतीही सूचना न देता थांबते. नवा रिले डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा. पाच मिनिटांत बदलून होतो. किलोमीटर मोजणारं दातेरी चाक तुटणं इतकं सर्रास आहे की आकड्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. हीटरचा पंखा चालतो का तेवढं आवर्जून बघा, तो डॅशबोर्डच्या पोटात आहे आणि बदलायचा तर अख्खा दिवस जातो.

टूसीव्ही हवेवर थंड होते, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी उकळणं नाही, गोठणं नाही. दर हजार किलोमीटरला पुढच्या किंगपिनना, म्हणजे चाकं ज्यावर वळतात त्या खिळांना, ग्रीस मारावं लागतं, ग्रीसगन सोबत हवीच. एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ आहे. १९८१ पासूनच्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि त्यांना एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल लागतं. वाटेतल्या एखाद्या गॅरेजवाल्याने सवयीने साधं ब्रेक ऑइल ओतलं तर ब्रेकची रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलावी लागते. एक लिटर एलएचएम डिकीत आणि झाकणाला ठळक चिठ्ठी, एवढं कराच. बाकी भागांची चिंता नाही. फ्रान्समध्ये कासी आणि हॉलंडमध्ये झुटफेन इथे टूसीव्हीच्या भागांची मोठी दुकानं आहेत, नवी गॅल्व्हनाइज्ड चासीसुद्धा मिळते.

पेट्रोलच्या दोन्ही गाड्यांना ई १०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल न पाजलेलं बरं, जुन्या नळ्यांना इथेनॉल मानवत नाही. फ्रान्समध्ये एसपी ९८ घ्यावं.

शहरं

मर्सिडीजवरून माझं मत फिरलं ते इथे. जर्मनीतल्या पर्यावरण क्षेत्रांत हिरवा स्टिकर लागतो. जुन्या डिझेलला तो मिळत नाही, एच प्लेट असेल तर सूट आहे. पण जर्मनीबाहेर ही एच प्लेट आपोआप चालेल असं समजू नका. प्रत्येक देशाचे, कधी प्रत्येक शहराचे नियम वेगळे, काही ठिकाणी आधी ऑनलाइन नोंदणी, आणि सगळीकडे पहिला वार जुन्या डिझेलवर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या व्होल्वोला बऱ्याच ठिकाणी तोंड उघडावं लागत नाही. इटलीतली जुनी गावं तर स्थानिकांशिवाय सगळ्याच गाड्यांना बंद असतात. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते. गाडी कुठलीही असो, शहराबाहेर पार्किंग करून ट्रामने आत जाणं उत्तम.

कुठे कोणती

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला जायचं तर व्होल्वो, दुसरा विचार नको. म्युनिकहून स्वीडन-फिनलंडमार्गे एका बाजूने साधारण साडेतीन हजार किलोमीटर. सगळ्यात शेवटी समुद्राखाली २१२ मीटर उतरणारा जवळपास सात किलोमीटरचा बोगदा. उतरताना मजा वाटते, चढताना २९ अश्वशक्तीच्या गाडीत मागच्या कॅम्परव्हॅनचे दिवे आरशात साठत जातात. शिवाय भंगारातून व्होल्वोचा भाग मिळवायचा तर स्वीडनइतका सोपा देश नाही.

बाल्कन देशांत, विशेषतः अल्बानियात, मर्सिडीज न्या. तिथल्या गॅरेजवाल्यांना जुनी मर्सिडीज पाठ आहे आणि डिझेलवर नाकं मुरडणारं कोणी भेटत नाही. रोमानियातला ट्रान्सफागाराशान घाट २,०४२ मीटरवर जातो आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. २४० डी तिथे धूर सोडेल, दुसऱ्या गिअरमध्ये रडेल, पण पोचेल. अल्बानिया, सर्बिया, बॉस्निया शेंगेनमध्ये नाहीत, भारतीय पासपोर्टवर काय लागतं ते आधी बघून ठेवा. अल्बानिया आणि उत्तर मॅसिडोनियासाठी विम्याचं ग्रीन कार्डही सोबत हवं.

टूसीव्ही फ्रान्स-स्पेन-पोर्तुगालसाठी, आणि तीही दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही अशी मनाची तयारी असेल तर. शेवटची टूसीव्ही जुलै १९९० मध्ये पोर्तुगालमधल्या मांगुआल्द इथे बनली. सहा आठवडे फक्त तेवढ्याच टापूत काढणार असाल तर वर लिहिलेलं विसरून खुशाल हीच घ्या.

कागदांपैकी दोन बघण्यासारखे. क्लासिक गाड्यांचा स्वस्त विमा बहुधा वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा घालतो आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असावी अशी अट टाकतो. एका फेरीतच ती मर्यादा ओलांडली जाते. निघण्याआधी ती वाढवून घ्या, थोडे पैसे जास्त जातात. दुसरा, गाडी बंद पडल्यावर घरी आणून देणारं संरक्षण. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तर काय, हे कलम शोधून वाचा. जुन्या गाडीची बाजारभावाने ठरवलेली किंमत तुम्हाला वाटते त्याहून कमी निघू शकते, म्हणून किमतीचा तज्ज्ञ अहवाल करून ठेवावा.

आणि गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका, ते थंड असताना कसं सुरू होतं तेच बघायचं असतं. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा-कॉफी घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.